खान्देशातील रेडिओ ग्लायडर स्पर्धा: नवख्या स्पर्धकाचा शनिवार-रविवार

शंभर मीटर उंचीवर मोटर बंद केलेले हलके ग्लायडर स्थिर हवेत दर सेकंदाला सुमारे अर्धा मीटर खाली येते, म्हणजे साधारण तीन मिनिटे वीस सेकंदांत ते जमिनीला टेकते. स्पर्धेत मात्र त्याला दहा मिनिटे हवेत ठेवायचे असते. उरलेली सहा मिनिटे चाळीस सेकंद कोठून आणायची, या एका प्रश्नाभोवती हा सगळा खेळ फिरतो, आणि त्याचे उत्तर महागड्या विमानात कमी आणि पायाखालच्या शिवारात जास्त असते. काळी पडीक जमीन कोठे आहे, केळीचा मळा कोठून सुरू होतो, नाल्याचे कोरडे पात्र कोणत्या अंगाला वळते, हे ज्याला ठाऊक आहे, त्याने निम्मी तयारी आधीच केलेली असते. जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात वाढलेल्या नवख्या स्पर्धकाने म्हणूनच स्वतःला मागे समजू नये. पहिल्या स्पर्धेला निघण्यापूर्वी काय काय करावे, ते पुढे क्रमाने सांगितले आहे.

कोणत्या प्रकारात उतरावे

रेडिओ-नियंत्रित ग्लायडरचे अनेक स्पर्धाप्रकार आहेत आणि त्यांचे आंतरराष्ट्रीय नियम एफएआय ही जागतिक संस्था ठरवते. नवख्याच्या कामाचे त्यांतले दोन आहेत. पहिला एफ३के. यात मोटर नसते. पंखाच्या टोकावरची खुंटी बोटांत धरून, थाळीफेक करणारा खेळाडू जशी गिरकी घेतो तशी घेऊन विमान वर फेकायचे असते. पंखांचा विस्तार जास्तीत जास्त १.५ मीटर आणि वजन जास्तीत जास्त ६०० ग्रॅम ही त्याची मर्यादा. दुसरा एफ५जे. यात विजेवर चालणारी छोटी मोटर ग्लायडरला वर नेते, ती जास्तीत जास्त ३० सेकंद चालवता येते आणि त्यानंतर पुन्हा सुरू करता येत नाही. यात पंखांचा विस्तार ४ मीटरपर्यंत चालतो.

माझे मत स्पष्ट आहे: सुरुवात एफ५जेच्या धाटणीच्या स्पर्धेपासून करावी. हाताने फेकण्याचा प्रकार अतिशय सुंदर आहे, पण त्यात उंची फेकणाऱ्याच्या खांद्यावर आणि सरावावर अवलंबून असते आणि विमान फारच थोडा वेळ वर राहिल्याने हवा शोधायला उसंत मिळत नाही. डोंगराच्या कडेवर वाऱ्याच्या आधाराने उडवण्याचा प्रकारही आहे. तोरणमाळच्या किंवा लळिंगच्या कडा पाहिल्या की तो मोह होतोच, तरीही पहिली दोन वर्षे सपाट मैदानावरच काढावीत, कारण कड्यावर चूक झाली की विमान दरीत जाते आणि त्याच्या मागे माणूसही उतरू पाहतो.

विमान आणि रेडिओ

पहिल्या स्पर्धेसाठी दोन मीटर विस्ताराचे फोमचे ग्लायडर पुरते. ते धसकटावर घासले तरी चिकटपट्टी आणि फोमच्या गोंदाने रात्रीतून दुरुस्त होते. कार्बनचे पातळ पंख मात्र एका आदळण्यात जायबंदी होतात आणि आपल्याकडे ते दुरुस्त करणारा हाताशी सापडत नाही. विमानाबरोबर २.४ गिगाहर्ट्झचा ट्रान्समीटर, रिसीव्हर, दोन ते चार सर्वो (विमानाच्या हलत्या पट्ट्या फिरवणारी छोटी यंत्रे), मोटर, घडी होणारा पंखा (प्रोपेलर) आणि तीन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी लागते. याशिवाय स्पर्धेसाठी अल्टिमीटर आवश्यक असतो. नखाएवढे हे यंत्र रिसीव्हर आणि मोटरचा वेग-नियंत्रक यांच्या मध्ये जोडले जाते आणि विमान किती उंचीवर पोहोचले ते नोंदवून ठेवते.

घरी चार गोष्टी तपासल्याशिवाय गावाबाहेर पडू नये. पहिली, गुरुत्वमध्य. पंखाखाली दोन बोटे टेकवून विमान उचलावे. उत्पादकाने दिलेल्या खुणेवर ते समतोल राहिले पाहिजे, आणि खूण नसेल तर पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण एक तृतीयांशावर. दुसरी, दिशा. विमानाच्या शेपटीमागे उभे राहून ट्रान्समीटरची काठी उजवीकडे न्यावी. उजवा एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, वर आणि डावा खाली गेला पाहिजे. दुरुस्तीनंतर वायर उलटी जोडली जाणे हा नेहमीचा प्रकार आहे आणि तो जमिनीवर लक्षात आला नाही, तर हवेत दुरुस्त करायला वेळ मिळत नाही. तिसरी, फेलसेफ. सिग्नल तुटला तर मोटर बंद होऊन विमान हळूच वळत खाली यावे, असे ते लावून घ्यावे आणि ट्रान्समीटर मुद्दाम बंद करून पडताळून पाहावे. ही चाचणी करताना पंख्याची पाती काढून ठेवावीत.

चौथी गोष्ट मोटरच्या स्विचची. काही वर्षांपूर्वी एका फेरीत सातव्या मिनिटाला माझ्या अंगठ्याचा धक्का लागून मोटर क्षणभर फिरली. विमान घारींच्या बरोबरीने छान वर चालले होते, पण मोटर पुन्हा सुरू झाली म्हणजे ते उड्डाण शून्य, हा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. तेव्हापासून मी मोटर काठीवर ठेवत नाही. ती वेगळ्या स्विचवर ठेवतो आणि मोटर एकदा बंद झाली की दुसऱ्या एका स्विचने तिला कुलूप लावतो.

तारीख, जागा आणि परवानगी

आपल्याकडे या खेळाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि फेब्रुवारीअखेर संपतो. मार्च उलटला की ऊन माणसालाही झेपत नाही आणि बॅटरीलाही. शिवाय दुपारच्या वावटळी हलके विमान मोडून टाकतात. हंगामातला एकच काळ टाळावा, तो म्हणजे संक्रांतीच्या मागचा-पुढचा आठवडा. गुजरातच्या शेजारामुळे नंदुरबार आणि धुळ्याकडे पतंगांचा जोर मोठा असतो, आणि हवेत ताणलेला मांजा ग्लायडरच्या वैमानिकाला कधीच दिसत नाही.

जागा निवडताना नवखे लोक फक्त मोकळेपणा पाहतात. मोकळेपणा हवाच, किमान तीन-चारशे मीटर लांबीचा, पण खालची जमीनही पाहावी. कापूस उपटल्यानंतरच्या वावरात पऱ्हाट्यांचे खुंट राहतात आणि दादर ज्वारी कापलेल्या वावरात धसकटे. ती दोन्ही फोमच्या पोटात चाकूसारखी शिरतात. गावाचे गायरान किंवा मूग-उडीद निघाल्यावर पडीक राहिलेले, वखरलेले वावर सर्वांत चांगले. विजेच्या तारा, रस्ता आणि वस्ती यांच्यापासून जागा दूर असावी, आणि सुरत-नागपूर महामार्गाच्या बाजूला तर स्पर्धेचा विचारही करू नये. गायरान असेल तर ग्रामपंचायतीला, वावर असेल तर मालकाला आधी विचारावे, आणि कार्यक्रमाची माहिती पोलिस ठाण्याला लेखी कळवून ठेवावी. मालकाला नुसता फोन न करता समक्ष जाऊन विमान दाखवले, तर होकार लवकर मिळतो आणि पुढे अडचणीच्या वेळी तोच माणूस कामी येतो.

हवाई हद्दीचे नियम प्रत्येकाने स्वतः समजून घेतले पाहिजेत. २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांत छंदासाठी किंवा शिक्षणासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या, २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानांचा स्वतंत्र उल्लेख आहे. ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे विभाग दाखवलेले असतात, हिरव्या विभागात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत उडवता येते, आणि चालू विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. जळगावला विमानतळ आहे, धुळ्याजवळ गोंदूरला आणि शिरपूरला धावपट्ट्या आहेत, भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी आहेत. ही सगळी नावे डोळ्यांसमोर ठेवून नकाशा उघडावा आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा पाहावा, कारण तात्पुरते निर्बंधही येत असतात.

या मर्यादेचा स्पर्धेवर थेट परिणाम होतो. मूळ नियमांत सुरुवातीची, म्हणजे मोटर बंद करण्याची, उंची २०० मीटरपर्यंत गृहीत धरलेली आहे. आपल्याकडे ती १०० मीटरवर थांबवावी. अल्टिमीटरला तशी सूचना दिली की त्या उंचीवर तो मोटर आपोआप बंद करतो. वर जाणाऱ्या हवेत विमान त्याहून वर चढू लागले, तर ११० मीटरवर ट्रान्समीटरमधून इशारा वाजेल अशी सोय करावी आणि इशारा होताच फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या, खाली वळणाऱ्या पट्ट्या) खाली घेऊन उंची कमी करावी. उंचीचा मोह पडू देऊ नये. शंभर मीटरवरून दहा मिनिटे काढण्यात जे कौशल्य लागते, ते दोनशेवरून काढण्यात लागत नाही.

शनिवार

दुपारी तीनपर्यंत मैदानावर पोहोचावे आणि विमान पेटीतून बाहेर काढण्यापूर्वी सगळे मैदान पायाखाली घालावे. बांध कोठे उंच आहे, बाभळीचे काटे कोठे पडले आहेत, विहिरीला कठडा आहे की नाही, हे वहीत टिपून ठेवावे. नंतर वाऱ्याकडे तोंड करून, विमान खांद्याच्या उंचीवरून नाक किंचित खाली ठेवून, मोटर न लावता सरळ सोडून पाहावे. ते तीस-चाळीस पावले सरळ तरंगत गेले पाहिजे. नाक वर करून थबकत असेल तर पुढे थोडे वजन वाढवावे, थेट खाली जात असेल तर कमी करावे.

रेंजची तपासणीही आजच करावी. ट्रान्समीटरमध्ये कमी शक्तीची सोय असते. ती चालू करून उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर जावे आणि सहायकाने विमान धरलेले असताना सगळे सर्वो न थरथरता हलतात का, ते पाहावे.

उरलेला सगळा वेळ उतरण्याच्या सरावाला द्यावा. संध्याकाळी हवा शांत होते, त्यामुळे चूक झाली तर ती हवेची आहे की हाताची, याबद्दल शंका राहत नाही. मी प्रत्येक नवख्याला दहा वेळा उतरायला लावतो. वीस मीटर उंचीवर न्यायचे, फेरी मारायची, खुणेवर उतरवायचे. पहिल्या चार वेळा विमान पंधरा-वीस मीटर पुढे जाते आणि आठव्या-नवव्या वेळेपर्यंत ते पाच मीटरच्या आत येऊ लागते. त्या एका संध्याकाळीच जो फरक पडतो, तो नव्या सर्वोने पडत नाही.

रात्री मुक्काम मळ्यावर असेल तर भरीत-भाकरीचा बेत होतोच, आणि तो व्हावाही. मात्र बॅटऱ्या त्यापूर्वी चार्जिंगला लावाव्यात आणि त्यांच्याजवळ कोणीतरी जागे असावे. लिपोचा प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर पूर्ण भरतो. चार्जरवर सेलची संख्या दोनदा वाचावी, बॅटरी फरशीवर किंवा मातीवर ठेवावी, गादीवर किंवा कडब्याजवळ कधीही ठेवू नये. फुगलेली बॅटरी कितीही नवी असली तरी वापरू नये.

रविवारची सकाळ

हिवाळ्यात तापीच्या खोऱ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत बसलेली असते आणि वर किंचित उबदार थर असतो, त्यामुळे साडेनऊपर्यंत काहीच वर उठत नाही. चुलीचा धूर आडवा पसरलेला दिसतो तो यामुळेच. हा वेळ नोंदणी, विमानाची तपासणी आणि सूचनांसाठी उत्तम असतो. सूचना नीट ऐकाव्यात: उतरण्याची दिशा कोणती, लोकांनी कोठे उभे राहायचे, कोणत्या रेषेपलीकडे उडवायचे नाही. शंका असल्यास तेथेच विचारावी. नवख्याने विचारलेल्या प्रश्नाला जुना स्पर्धक कधी कंटाळत नाही, आणि कंटाळला तर ते त्याचे चुकले.

स्पर्धकांचे गट चिठ्ठ्यांनी पाडले जातात. एका गटातले सगळे एकाच वेळी उडतात, म्हणजे सर्वांना तीच हवा मिळते, आणि गुणांची तुलना त्या गटापुरतीच होते. आठ-दहा स्पर्धक असतील तर दोन गट पुरतात: एक उडतो तेव्हा दुसरा वेळ मोजतो.

वेळ मोजणारा सहायक हे स्पर्धकाचे दुसरे डोळे असतात. वैमानिकाची नजर विमानावर खिळलेली असते. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला घारी वर चढत आहेत, किंवा शेजाऱ्याचे विमान अचानक उचलले गेले, हे त्याला दिसत नाही. ते सहायकाने पाहून शांतपणे सांगायचे असते. ‘दादा, डावीकडे बांधावर दोन घारी, वर चालल्या आहेत,’ एवढे वाक्य पुरे. ‘अरे लवकर, तिकडे, तिकडे बघ’ असा आरडाओरडा झाला की वैमानिक घाबरतो आणि विमान नको त्या दिशेला वळवतो. माझ्याबरोबर अनेकदा माझी पुतणी असते. ती कधी हात दाखवत नाही, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दिशा सांगते, आणि त्यामुळे माझी नजर विमानावरून हलत नाही.

सोडणे आणि हवा वाचणे

भोंगा वाजल्यावरच विमान सोडावे. मोटर लावून, वाऱ्याच्या तोंडाशी, हात सरळ ठेवून ढकलल्यासारखे सोडावे. जोराने फेकण्याची गरज नसते. सुरुवातीची उंची म्हणून अल्टिमीटर मोटर बंद झाल्यानंतरच्या पहिल्या १० सेकंदांपर्यंतची सर्वाधिक उंची धरतो आणि तिचे गुण वजा होतात, त्यामुळे मोटर बंद केल्यावर नाक वर ओढून चार मीटर जास्त मिळवण्यात काहीच लाभ नाही. विमान लगेच सपाट करावे.

आता मुख्य काम सुरू होते. सूर्य सगळ्या जमिनीला सारखाच तापवतो, पण सगळी जमीन सारखी तापत नाही. कोरडी, भेगाळलेली काळी माती, मुरमाचे माळ, जिनिंगचे पत्र्याचे शेड, खडीची खाण, नाल्याचे दगडी पात्र ही सगळी लवकर तापतात. केळीचा मळा, उसाचा फड, नुकतेच पाणी दिलेला गहू हे थंड राहतात, कारण तेथली उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होते, काही वेळ तेथेच साचून राहते आणि मग एखादे निमित्त मिळताच सुटून वर जाते. ते निमित्त बहुधा कडेला असते: उंच बांध, झाडांची रांग, किंवा मळ्याची हद्द. केळीतून येणारी गार हवा कोरड्या वावरातल्या गरम हवेखाली शिरते आणि तिला उचलते. रावेर-यावलच्या पट्ट्यात मी वर जाणारी हवा शोधायला म्हणूनच मळ्याच्या वाऱ्याकडच्या अंगाला न जाता, वारा मळा ओलांडून जेथे कोरड्या वावरात उतरतो त्या हद्दीवर जातो. प्रत्येक वेळी ती तेथे असतेच असे नाही, पण पहिला प्रयत्न तेथे करावा.

विमान स्वतःही सांगते. शेपूट हलकीशी वर उचलली गेली आणि विमान नाक न खाली घालता वेग घेऊ लागले, की ते चढत्या हवेत शिरले आहे. एकच पंख उचलला गेला, तर चढती हवा त्या उचललेल्या पंखाच्या बाजूला आहे. नवखा माणूस तो पंख खाली दाबून विमान सरळ करतो आणि तेथून दूर निघून जातो. त्याऐवजी त्याच बाजूला वळावे. वर्तुळ लहान आणि एकसारखे ठेवावे. वर्तुळाच्या ज्या भागात विमान जास्त उचलले जाते त्या भागात वळण थोडे सैल करावे, जेथे बुडते तेथे आवळावे, म्हणजे दोन-तीन फेऱ्यांत विमान मध्यावर येते. हे सगळे चालू असताना ती हवा वाऱ्याबरोबर सरकत असते, तेव्हा वर्तुळही तिच्याबरोबर सरकू द्यावे, पण परतीचा हिशेब मनात ठेवून. वाऱ्याच्या विरुद्ध परतायला दुप्पट उंची खर्च होते. विमान अंगठ्याच्या नखाएवढे दिसू लागले की, हवा कितीही चांगली असो, परत फिरावे.

जमिनीवर उभ्या असलेल्या माणसालाही चढती हवा जाणवते. ती आजूबाजूची हवा स्वतःकडे ओढून घेते. पाठीवर नेहमीपेक्षा जोराची झुळूक आली तर चढती हवा समोर आहे. समोरून येणारा वारा एकदम पडला आणि ऊन चटकन चटका देऊ लागले, तर ती समोरून आपल्याकडे येत आहे. मी ट्रान्समीटरच्या अँटेनाला वीतभर लोकरीचा धागा बांधतो. शेजारी कापसाची वेचणी चालू असेल तर त्याचीही गरज पडत नाही. मागच्या हंगामात अमळनेरकडच्या एका शिवारात बांधावरच्या बोरीच्या काट्याला अडकलेला कापसाचा पुंजका सुटला, जमिनीपासून हातभर उंचीवर थोडा वेळ रेंगाळला, मग सरळ वर गेला आणि पाहता पाहता डोक्यावर पांढऱ्या ठिपक्याएवढा झाला. माझे विमान तेव्हा पस्तीस मीटरवर होते आणि उतरण्याची तयारी चालली होती. मी ते त्या पुंजक्याखाली नेले. सात मिनिटांनी ते अजून वर होते.

बुडत्या हवेत सापडल्यास एकच नियम पाळावा: थांबू नये. नाक थोडे खाली घेऊन, वेग वाढवून, वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघावे. बुडती हवा चढत्या हवेच्या शेजारीच असते, त्यामुळे धीर सोडण्याचे कारण नाही.

उतरणे

शेवटच्या मिनिटात सहायकाने आधी दहा-दहा सेकंदांनी आणि अखेरचे दहा सेकंद एकेक करून मोजावे. साठ सेकंद उरले असताना विमान खुणेच्या वाऱ्याकडच्या बाजूला, साधारण पंचवीस मीटर उंचीवर असावे. तेथून वाऱ्याबरोबर मागे जावे, आडवे वळावे आणि शेवटचा टप्पा वाऱ्याकडे तोंड करून घ्यावा. उंची जास्त वाटली तर फ्लॅप खाली घ्यावेत. फ्लॅप नसतील तर मागचा टप्पा लांबवावा. नाक खाली घालून उंची घालवू नये, कारण ती उंची वेगात बदलते आणि विमान खुणेवरून पुढे निघून जाते.

खुणेपासून विमानाच्या नाकापर्यंतचे अंतर मोजतात. एक मीटरच्या आत ५० गुण, त्यापुढे प्रत्येक मीटरला ५ गुण कमी, दहा मीटरपलीकडे काही नाही. ७५ मीटरहून दूर उतरले तर त्या उड्डाणाचे सगळेच गुण जातात. विमान वैमानिकाला किंवा सहायकाला लागले तर उतरण्याचे गुण मिळत नाहीत, म्हणून खुणेच्या अगदी रेषेत उभे राहू नये. वेळ संपल्यावर उतरले तरीही हे गुण जातात, आणि एक मिनिटाहून जास्त उशीर झाला तर सगळे उड्डाण शून्य होते.

गुणांचा हिशेब

हवेतल्या प्रत्येक पूर्ण सेकंदाला १ गुण मिळतो. सुरुवातीच्या उंचीचा २०० मीटरपर्यंत दर मीटरला अर्धा गुण वजा होतो, त्यापुढे दर मीटरला ३ गुण. समजा एका स्पर्धकाने ५० मीटरवर मोटर बंद केली, ९ मिनिटे ३५ सेकंद उडवले आणि तीन मीटरच्या आत उतरला: ५७५ वजा २५ अधिक ४०, एकूण ५९०. दुसऱ्याने ९८ मीटरपर्यंत नेले, ९ मिनिटे ५० सेकंद उडवले आणि चार मीटरच्या आत उतरला: ५९० वजा ४९ अधिक ३५, एकूण ५७६. जास्त वेळ उडूनही दुसरा मागे राहिला. गटात पहिल्याला १००० गुण धरतात आणि बाकीच्यांना त्या प्रमाणात, म्हणून दुसऱ्याला ९७६.३ मिळतील. नवख्याने मात्र पहिल्या स्पर्धेत या हिशेबाच्या नादी न लागता पूर्ण शंभर मीटर घ्यावेत. कमी उंचीवर मोटर बंद करण्याचे धाडस हवा वाचता येऊ लागल्यावरचे आहे.

विमान मळ्यात पडले तर

कधी ना कधी हे होतेच. विमान नजरेआड झाले की जागेवरून हलू नये. ज्या दिशेला शेवटचे दिसले त्या दिशेला क्षितिजावरचे एखादे झाड किंवा विजेचा खांब धरून ठेवावा, सहायकाने शंभर पावले बाजूला जाऊन तसेच दुसरी खूण धरावी, आणि दोन्ही रेषा जेथे मिळतात तेथे शोधावे. ट्रान्समीटर चालू ठेवून काठी हलवत राहिल्यास सर्वोचा आवाज ऐकू येतो.

केळीत शिरण्यापूर्वी मालकाला विचारणे हे सौजन्य तर आहेच, पण गरजही आहे. एकदा आमचे विमान सावद्याकडच्या एका बागेत पडले. ‘नाना, आमचे खेळातले विमान तुमच्या केळीत आले आहे, आत जाऊ का?’ असे मालकांना विचारताच ते उठले आणि स्वतःच पुढे झाले. ‘चला, पण घडाला धक्का लावू नका आणि नळ्यांवर पाय देऊ नका,’ एवढेच म्हणाले. आत दहा पावलांवर दिसेनासे होते, सगळ्या ओळी सारख्या वाटतात, आणि वर पाहिले तर पानांच्या फटींतून फक्त आकाशाचे तुकडे. आम्ही अर्धा तास जमीन धुंडाळत होतो. नाना मात्र वर पाहत चालत होते, आणि एका झाडाची दोन पाने नुकतीच फाटलेली त्यांना दिसली. विमान त्यांच्या देठांमध्ये, माणसाच्या डोक्याहून उंच, जसेच्या तसे अडकलेले होते. तेव्हापासून केळीत शोधताना मी आधी पाने पाहतो.

आवरताना

निकालानंतर घाईने निघू नये. मैदानावरचे फोमचे तुकडे, चिकटपट्ट्या आणि प्लॅस्टिक एकूण एक उचलावे. तेच गुरांच्या पोटात जाते. वावराच्या मालकाला भेटून निघावे. घरी पोहोचल्यावर, कितीही दमणूक झाली असली तरी, बॅटऱ्या प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवाव्यात, कारण पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी लिपो आठवडाभर पडून राहिली की खराब होते. सर्वोंच्या सांध्यांतली काळी धूळ मऊ ब्रशने झाडावी आणि पंख सुती कापडात गुंडाळून आडवे ठेवावेत. मग वही उघडून प्रत्येक फेरीची सुरुवातीची उंची, वेळ, उतरण्याचे अंतर, त्या वेळचा वारा आणि चढती हवा शिवाराच्या नेमक्या कोणत्या कोपऱ्यावर मिळाली, हे त्याच रात्री लिहून काढावे. सोमवारी त्यातले निम्मे आठवत नाही.